एजिनाहून अथेन्सला, नकार द्यायला

आमच्या सातारा-सांगलीकडं लग्नाच्या बाबतीत 'नाही' हा शब्द वापरत नाहीत. त्याच्याऐवजी 'कळवतो' म्हणतात. मुलगी बघायला जायचं, पोहे खायचे, मुलीला शिक्षण विचारायचं, तिच्या भावाला उसाचं टनेज विचारायचं, आणि दारात चपला घालता घालता, खाली बघत म्हणायचं, "बरं मग, कळवतो." संपला विषय. समोरच्यालाही कळतं की आता ह्या जन्मात काही कळवलं जाणार नाही. मला स्वतःला कोरेगावच्या एका घरातून असं 'कळवतो' मिळालं होतं. पुढं कित्येक वर्षांनी त्या घरचे गृहस्थ सांगलीत एका लग्नाच्या पंगतीत माझ्या समोर बसले. माझ्या शेजारी माझी बायको आणि दोन पोरं जेवत होती. ती बघूनसुद्धा ते म्हणाले, "तुमाला कळवायचं ऱ्हायलंच बघा." मी म्हटलं, सावकाश कळवा, घाई नाही.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हे ह्या 'कळवतो'चे चक्रवर्ती सम्राट. मूळचे विट्याजवळचे. तिकडची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या, आणि त्या धंद्यापायी देशभर पांगलेली. दाजी मिसरूड फुटायच्या आधी कोइंबतूरला गेले आणि डोक्याचे केस गेल्यावर परत आले. दुकानात कुणी मुलामा दिलेलं पितळी कडं सोनं म्हणून घेऊन आलं, तरी दाजींनी कधी त्याला 'हे पितळ आहे' असं सांगितलं नाही. कडं उलटंसुलटं करून परत द्यायचे आणि म्हणायचे, "बघू पुढच्या खेपेला." नकार देणं म्हणजे समोरच्याच्या ताटात माती कालवणं, अशी त्यांची ठाम समजूत.

ह्या माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं त्यांना रोखठोक उत्तर मागितलं.

माझी ही भाची हॉटेलचं शिक्षण घेऊन ग्रीसमधल्या एजिना नावाच्या बेटावर एका हॉटेलात नोकरीला लागली होती. त्याच हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या एका पोराशी तिचं जमलं. पोरगं अथेन्सचं, आईबाप तिथंच. तिनं घरी फोन करून सगळं सरळ सांगितलं आणि वर म्हणाली, "आप्पा हो म्हणाले तरच करीन. नाही म्हणाले तर नाही करणार, शब्द देते. पण काय ते त्यांनी इथं येऊन, त्या लोकांना बघून, त्यांच्या तोंडावर सांगायचं."

दाजी फोनवर म्हणाले, "कळवतो."

आणि कळवेचनात. हंगाम गेला, दुसरा आला, पोरगी वाट बघतेय आणि दाजी फोनवर तिला पाऊसपाणी विचारतायत. शेवटी आक्कानं मला सांगलीहून विट्याला बोलावून घेतलं. तिचा गुडघा नुकताच बदलला होता, तिला इतका लांबचा प्रवास करता येत नव्हता. पाय स्टुलावर ठेवून, बादशहा दरबारात बसावा तशी ती बसली होती. तिनं नवऱ्याला फर्मान सोडलं, "आवं, हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. पर तिथनं कळवतो म्हणून आलासा, तर परत विमानात बसवीन." मग माझ्याकडं वळली. मी हळदीचा व्यापारी, पण सांगलीचा असल्यामुळं हौशी नाटकात काम करणं हा माझा आनुवंशिक आजार. ती म्हणाली, "तू ह्यांच्यासंगं जा. तू नाटकात मागनं बोलून देतोस न्हवं, तसं दे."

म्हणजे मी ग्रीसला गेलो तो प्रॉम्प्टर म्हणून.

विमानातच दाजींनी मला सांगून टाकलं की त्यांचा निर्णय नकाराचा आहे. मी कारण विचारलं. मला वाटलं, जात काढतील, धर्म काढतील, मटणाचं काहीतरी काढतील. त्यातलं काही नव्हतं. म्हणाले, "मी सगळा जन्म परमुलखात काढला, गड्या. दुकान चांगलं चाललं. पर आईच्या मातीला पोचलो न्हाई. गाडीत हुतो तवा हिकडं सगळं उरकलं. पोरीच्या वाट्याला ते नगं." मग खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. मी नाटकातला माणूस, मला सोंग कळतं.

एजिना हे पिस्त्याचं बेट. जिकडं बघावं तिकडं पिस्त्याची झाडं आणि पिस्त्याची दुकानं. मी सवयीनं दर विचारला, मूठभर हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, आणि दुकानदारानं मी मोठं गिऱ्हाईक आहे असं समजून खुर्ची दिली. दाजींचं मात्र पहिल्याच सकाळी बिनसलं. हॉटेलाच्या दारात जो भेटेल तो त्यांना बघून हसत 'कालिमेरा' म्हणत होता. त्यांच्या भाषेत ते 'सुप्रभात'. दाजी कावरेबावरे होऊन माझ्याकडं आले आणि कानात म्हणाले, "काल कोण मेलं रं? सगळी मला येऊन सांगत्यात, काल मेला, काल मेला. आन् हसत्यात वर." पुढं अर्थ कळल्यावरही त्यांनी त्या नमस्काराला कधी उत्तर दिलं नाही. सकाळी सकाळी असलं तोंडातनं काढू नये म्हणाले.

भाचीनं एका दिवसाची रजा काढली आणि आम्ही तिघं अथेन्सला निघालो. सकाळच्या बोटीनं जायचं, पोराच्या घरी बसायचं, काय ते सांगायचं आणि संध्याकाळच्या बोटीनं परत. बोट चांगली मोठी होती, पोटात ट्रक आणि मोटारी घेऊन चालणारी. भाची आत कॉफीच्या रांगेत गेल्यावर मी दाजींना वरच्या डेकवर नेलं आणि तालीम सुरू केली. मी कठड्याला टेकून, छाती पुढं काढून नवऱ्या मुलाचा बाप झालो.

"मग, मुलगी देताय ना आम्हाला?"

दाजी म्हणाले, "बघू की."

मी म्हटलं, बघू नाही, नाही म्हणा. पुन्हा प्रवेश घेतला. ह्या वेळी म्हणाले, "तसं न्हाई, पर कसं हाय..." पुन्हा घेतला. "घरी इचारून सांगतो." मी म्हटलं घरी आक्का आहे, तिनंच पाठवलंय. शेजारच्या बाकावर एक ग्रीक म्हातारी पिस्ते सोलत बसली होती. ती आमचा प्रयोग फुकटात बघत होती आणि दाजी अडले की टरफल टाकायची थांबत होती. शेवटी पुष्कळ प्रयत्नांनी दाजींच्या तोंडातनं एक शब्द निघाला. 'नाही' हा पूर्ण शब्द नव्हेच. सुरुवातीचा 'न' आला, मग काहीतरी घशात अडकलं आणि उरलेलं चेंगरून बाहेर पडलं: "नै." पण एवढंसुद्धा ह्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनं मूठभर पिस्ते दिले.

पिरेअसच्या बंदरात उतरून आम्ही मेट्रोत बसलो. अथेन्सबद्दल लोक फार हळवं होऊन बोलतात. मला तर ते कुणीतरी पांढऱ्या डब्यांचं दुकान डोंगरांच्या मध्ये उलटं करून ओतल्यासारखं दिसलं. मध्येच एका टेकडीवर ते जगप्रसिद्ध देऊळ उभं होतं, त्याला लोखंडी परांच्या लावलेल्या. दाजींनी विचारलं, काम कधीपासून चाललंय. भाची म्हणाली, ती इथं आल्यापासून चालूच आहे. दाजींना एकदम घरच्यासारखं वाटलं. वर जायचं का म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाले, "आत देव हाय का?" नाही म्हणाल्यावर म्हणाले, "मग आपला अजिंक्यतारा ह्येच्यापरीस उंच हाय, त्यो चढलो न्हाई मी अजून."

पोराचं घर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. दारात त्याचे आईबाप उभे. बाप निवृत्त बस ड्रायव्हर, मिशा अशा की सातारच्या कुठल्याही तालमीनं हार घालावा. आई ठेंगणी, गोल, डोळ्यांनी हसणारी. तिनं भाचीला बघताक्षणी जवळ घेतलं, तिच्या गालाला हात लावून काहीतरी रागावून बोलली. भाचीनं सांगितलं, वाळलीस म्हणतायत. दाजी माझ्याकडं बघून खाकरले. हे वाक्य पोरगी विट्याला आली की आक्का म्हणते.

आम्ही बसलो आणि आदल्या रात्रीच बेटावरनं घरी आलेलं पोरगं आतून ट्रे घेऊन आलं. मान खाली, पेले एकमेकांवर आपटतायत. दाजींना हसू आवरेना. मला कोपर मारून म्हणाले, "हितं पोरगं ट्रे घिऊन येतंय." ट्रेमध्ये प्रत्येकाला एक छोटी बशी, बशीत साखरेच्या पाकात मुरवलेलं फळ, चमचा, आणि बाजूला थंड पाण्याचा पेला. पाहुणा आला की आधी हे द्यायचं, अशी त्यांची रीत. दाजींनी बशी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. "गूळपाणी हाय की हे," म्हणाले. उन्हातनं आलेल्याला त्यांच्या आईनं आयुष्यभर हेच दिलं होतं. मी धसका घेतला. माणूस पाघळायला लागला होता. मी प्रॉम्प्टर, माझं काम त्यांना संहितेवर ठेवायचं. मी कानात 'नाही, नाही' कुजबुजत राहिलो.

आम्ही सोबत तासगावचे बेदाणे नेले होते. ते मी मोठ्या दिमाखात टेबलावर ठेवले. बापानं एक तोंडात टाकला, विचार केला, उठून आत गेला आणि स्वतःच्या गावचे बेदाणे घेऊन आला. मग दोन्ही वाट्या शेजारी ठेवून दोघंही बाप काही न बोलता बराच वेळ खात बसले. कुणाचे चांगले, हे कुणीच बोललं नाही. दोघांच्याही चेहऱ्यावरनं स्पष्ट होतं की प्रत्येकाला आपलेच चांगले वाटतायत आणि पाहुण्याला दुखवायचं नाही.

शेवटी आई पुढं सरकली. हात पुसले, पदर असता तर तोही सारखा केला असता अशी बसली, आणि दाजींकडं बघून एकच छोटं वाक्य बोलली. भाचीनं भाषांतरासाठी तोंड उघडायच्या आत दाजी उभे राहिले. असल्या वाक्याला भाषांतर लागत नाही. सगळ्या जगात ते तसंच विचारतात.

दाजींनी हात जोडले. डोळे मिटले. मी कानात शब्द दिला. आणि बोटीवर घटवून घेतलेला तो शब्द त्यांच्या घशातनं, डेकवरच्यापेक्षाही जास्त चेंगरून, बाहेर आला.

"ने." मग घाबरून, न कळलं तर म्हणून, पुन्हा, "ने, ने."

पुढच्या क्षणी खोलीत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण त्यातला बराच वेळ माझं तोंड त्या बस ड्रायव्हरच्या छातीत दाबलेलं होतं. आई रडत होती. तिनं दाजींच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, जे आक्कानंसुद्धा कधी चारचौघांत घेतले नसतील. बापानं कपाटातनं बाटली काढली. पोरगं भिंतीला टेकून जमिनीवर बसलं. शेजारच्या घरातनं कुणीतरी भिंत ठोकून विचारलं आणि आईनं इकडूनच ओरडून सांगितलं.

दाजी ह्या सगळ्याच्या मधोमध उभे होते, गाल ओले, आणि भारावलेले. मला बाजूला ओढून म्हणाले, "गड्या, काय माणसं हैत ही. आपल्याकडं न्हाई म्हटलं तर च्याचा कप काढून घेत्यात. हितं मी तोंडावर न्हाई म्हणालो, तर मला कवटाळत्यात. असा नकार पचवणारं घर मी उभ्या जन्मात बघितलं न्हाई." थोडं थांबून, खरोखरच हळहळत ते म्हणाले, "अशा घरात पोरगी द्यायला काय बी हरकत नव्हती."

भाची आमच्या मागं उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला गप्प बसता आलं असतं. मी तिच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो, बोटीत बसलो असतो, आणि लग्नाची तारीख काढून मग सांगितलं असतं. पण ती दाजींची मुलगी असूनही आक्काची मुलगी आहे.

ती म्हणाली, "आप्पा, ते नकार पचवत नाहीयेत. इथं 'ने' म्हणजे हो. तुम्ही हो म्हणालात."

दाजी तिच्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं. मी छताकडं बघितलं. रंगभूमीवर पुष्कळ चुका बघितल्यात, दाढी पडताना बघितलीय, पण एका शब्दानं अख्खा अंक उलटा झालेला पहिल्यांदाच बघत होतो. कोइंबतूरच्या तमिळमध्ये 'नाही'ला 'इल्लै' म्हणतात, तसं म्हणाले असते तरी वाचले असते.

"मी सांगते त्यांना, चूक झाली म्हणून," भाची म्हणाली. "तुम्ही बसा. मी दिलेला शब्द मोडणार नाही." आणि ती वळायला लागली.

दाजींनी तिचं मनगट धरलं. आईबाप ग्लास भरून आमच्याकडं आनंदानं बघत होते, त्यांना वाटत होतं बापलेक भावनाविवश झालेत. दाजी हळू आवाजात म्हणाले, "हितं तुझं कोण हाय गं? उद्या आजारी पडलीस, तर आमी कवा पोचायचं?"

भाची म्हणाली, "पडले होते. गेल्या थंडीत, न्यूमोनिया. तुम्हाला बोलले नाही. ह्याच्या आई बोटीनं बेटावर आल्या आणि मी उठून बसेपर्यंत माझ्या खोलीत जमिनीवर झोपल्या. हा तेव्हा खाली स्वयंपाकघरात काळजीनं सूप करपवत होता."

"आमाला कळवलं का न्हाईस?"

"तुमचीच मुलगी आहे, आप्पा. कळवणार होते."

दाजी त्या बाईकडं बघत उभे राहिले. ती हातात ग्लास घेऊन त्यांना बोलावत होती. विमानात खिडकीकडं तोंड करताना त्यांच्या मनात जे होतं, ते आता त्यांच्या तोंडावर उघडं दिसत होतं. मी प्रॉम्प्ट दिला नाही. माझी संहिता केव्हाच संपली होती.

मग दाजींनी घसा साफ केला आणि भाचीला म्हणाले, "ह्यांस्नी सांग. मघाचं ने चुकून गेलं. मी न्हाई म्हणाया आल्तो. लपवू नगंस, सगळं सांग. आन् मग म्हणावं, आता म्हणतोय ते बघून-सवरून म्हणतोय." आणि त्या आईकडं वळून, ह्या वेळी घशात काहीही न अडकता, शांतपणे म्हणाले, "ने."

भाचीनं खरंच सगळं सांगितलं. मग त्या ड्रायव्हरच्या मिशा हलायला लागल्या, खांदे हलायला लागले, आणि तो माणूस इतका हसला की त्याला सोफ्यावर बसवून पाणी द्यावं लागलं. आई हसली नाही. तिनं दाजींच्या दंडावर एक चापट मारली, चांगली सणसणीत, आणि मग तिथंच डोकं टेकलं.

हे सगळं उरकल्यावर आक्काला व्हिडिओ कॉल लावला. विट्याच्या घरी ती फोन नाकाला लावून बसली होती, आम्हाला तिचा फक्त एक डोळा आणि अर्धं कुंकू दिसत होतं. मागं पोराचे आईबाप, पोरगं, सगळे फोनमध्ये डोकावायला दाटीनं उभे राहिले. आक्कानं कुणाला नमस्कार केला नाही, की तब्येत विचारली नाही. सरळ म्हणाली, "आवं, झालं का ठरलं?"

दाजी आवाज चढवून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय. व्हय गं. व्हय."

माझ्या मागं ग्लास आपटल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं तर आईनं तोंडावर हात घेतला होता, बापाचं हसू मिशांतच गोठलं होतं, आणि पोराचा रंग पार उतरला होता. मग मला कळलं की त्यांच्या भाषेत 'नाही'ला 'ओही' म्हणतात, आणि विट्याचा 'व्हय' फोनवर ओरडून म्हटला की त्यांच्या कानाला तो अगदी तसाच लागतो. पोरीच्या बापानं पोरीच्या आईला फोनवर तीनदा ठणकावून 'नाही' सांगितलं होतं, त्यांच्या देखत.

भाची एका बाजूला ग्रीकमध्ये समजावत होती, दुसऱ्या बाजूला फोनमध्ये आक्का विचारत होती की ती माणसं एवढी का भेदरलीत, आणि मध्ये दाजी दोन्हीकडं बघून घाईघाईनं "व्हय हो, व्हय" म्हणत आणखीच घाबरवत होते. शेवटी दाजींनी भाषेचाच नाद सोडला. स्वयंपाकघरात शिरले, दिसला तो डबा उघडून, चिमूट चाटून साखरच असल्याची खात्री केली, मूठ भरून घेतली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकलेल्या त्या पोराच्या तोंडात कोंबली. आक्काला फोनमध्ये दिसावं म्हणून मी कॅमेरा जवळ नेला. ती विट्यात रडायला लागली, इकडं ती आई रडायला लागली, आणि दोघींच्या मध्ये जावई साखरेनं गाल फुगवून उभा होता. सगळे त्यालाच काही बाही विचारत होते आणि त्याला हो म्हणता येईना की नाही.